शब्दचर्चा : निवळ, दूषित आणि ‘जैवसंवेदक’

प्रश्न : मी पलूस तालुक्यात शिक्षिका आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी आठवीच्या मुली ग्राफीन या कार्बनच्या अतिपातळ थराच्या बायोसेन्सरवर तक्ता करतायत. ‘जैवसंवेदक पाण्याची अशुद्धता दाखवतो’ असं एकीनं लिहिलंय. ‘अशुद्धता’ चालेल का? आणि ‘जैवसंवेदक’ गावात कुणाला कळेल?

प्रतिसाद : ताई, ‘अशुद्धता’ नको. त्यात माती, क्षार, गंज सगळंच आलं.

२०१९च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट गाठले. पूर ओसरल्यावर आईनं आडाच्या पाण्याच्या हंड्यात तुरटी फिरवली. सकाळी तांब्याचा तळ लख्ख दिसत होता. ‘निवळलं बघ,’ ती म्हणाली. न उकळताच प्यायलो आणि तिसऱ्या दिवशी घरात तिघांना जुलाब लागले. आईचा शब्द अचूक होता. निवळणं म्हणजे गाळ तळाशी बसणं. आम्ही त्याचा अर्थ ‘शुद्ध’ असा घेतला, तिथं चुकलं. गढूळ पाणी डोळ्यांना कळतं, दूषित पाणी कळेलच असं नाही. म्हणून वाक्य असं करा : ‘पाण्यात ठरावीक जिवाणू आहेत का, हे बायोसेन्सर ओळखतो.’

‘ठरावीक’ गाळू नका. ग्राफीनवर ई-कोलाय हा आतड्यातला जिवाणू धरणारी प्रतिपिंडं (ठरावीक जंतूलाच चिकटणारी प्रथिनं) बसवली असतील, तर तो ई-कोलायच शोधतो. जिवाणू चिकटला की ग्राफीनमधून वाहणारी वीज किंचित बदलते, तीच खूण. प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून बघायला दिवस-दोन दिवस जातात. तेवढं थांबावं लागू नये, यासाठी ही खटपट. आणि ‘जिवाणू’च्या जागी ‘विषाणू’ येऊ देऊ नका, ते निराळे.

आणखी एक प्रतिसाद : ‘संवेदक’ हा शब्द चांगला आहे. सम् अधिक विद्, म्हणजे जाणणं. ‘संवेदना’ त्याच घरातली. पण ‘सेन्सर’ आता गावात सगळ्यांच्या तोंडी आहे. मोठ्या अक्षरांत ‘बायोसेन्सर’, त्याखाली ‘जैवसंवेदक’ लिहा, म्हणजे नवा शब्दही डोळ्यांखालून जाईल.

ग्राफीन समजवायला शिसपेन्सिल घ्या. नावात शिसं असलं तरी आत असतं ग्राफाइट, म्हणजे कार्बनच्या थरांवर थर. त्यातला एकच थर, एका अणूएवढ्या जाडीचा, म्हणजे ग्राफीन. सगळा कार्बन पृष्ठभागावरच असल्यामुळे वर काही चिकटलं की लगेच फरक पडतो. मँचेस्टरला गाइम आणि नोवोसेलोव या शास्त्रज्ञांनी चिकटपट्टीनं ग्राफाइटचे पापुद्रे सोलत सोलत ते मिळवलं आणि २००४ साली जगापुढे मांडलं. २०१०चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यासाठीच. तक्त्याशेजारी एक शिसपेन्सिल आणि चिकटपट्टी ठेवायला सांगा मुलींना.