आखाजीच्या सांजोऱ्यांना कोणता रवा घ्यावा?

अमळनेरची_सून: आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, दोन्ही नणंदा माहेरी येणार आहेत. सांजोऱ्या करायच्या आहेत, गोड सांजा (रव्याचं सारण) भरून तळलेल्या. गेल्या वर्षी 40 मधल्या 9 तेलात फुटल्या, सांजा कढईभर पसरला, तेल काळं झालं. सारणाला जाड रवा की बारीक? दोन किलो हवा, 50 रुपये किलोच्या वर जायचं नाही.

तापीकाठ: बन्सी घ्या, डोळे झाकून. महाग पडतो, पण दाणा पिवळसर आणि मोकळा राहतो. आमच्याकडे 8 वर्षं दुसरा रवा आलेला नाही.

भुसावळकर: आखाजीला सांजोऱ्या? आमच्याकडे खापरावरचे मांडे आणि आमरस! सांजोऱ्या दिवाळीला.

अमळनेरची_सून: आमच्याकडे दोन्ही सणांना होतात, भाऊ.

चोपड्याची_लेक: कोणताही घ्या, पण आधी चाळून बघा. माझ्या पाकिटात जाळी आणि अळ्या निघाल्या, तेही पाहुणे दारात असताना. तेव्हापासून आणल्या आणल्या कोरडा भाजते, पूर्ण गार करून डब्यात भरते.

गिरणीशेजारी: रवा म्हणजे गव्हाच्या दाण्याच्या आतल्या भागाचे कण. तोच भाग अगदी बारीक दळला की मैदा. बन्सी म्हणजे कडक दाण्याचा, ड्युरम जातीचा गहू, इटलीचा पास्ता याच जातीच्या रव्याचा. सारणाला बारीक रवा घ्या, जाड टोचतो.

तापीकाठ: बन्सीच, मी वरच सांगितलं.

धुळ्याची_मावशी: बाई, दोष रव्याचा नाही. सांजा गरम भरलास का? वाफ आत कोंडते आणि कड उघडते. 1 वाटी रवा तुपात बदामी भाज. 2 वाट्या पाण्यात पाऊण वाटी गूळ विरघळव, उकळी आली की ओत आणि झाकून वाफ काढ. पूर्ण गार झाल्यावर हाताने मळ, गुठळी राहू देऊ नकोस. पारीचं पीठ सांज्याइतकंच मऊ हवं. सांजा कडक आणि पारी सैल असली की लाटताना फाटतेच. कडेला दुधाचं बोट फिरव.

भुसावळकर: मांड्यांना ही कटकट नाही.

चोपड्याची_लेक: मावशी म्हणतात ते खरं, गार सांजाच भरावा. आणि रवा चाळा!

अमळनेरची_सून: गरमच भरला होता, मावशी. सासूबाईंनी घरच्या गव्हाचा जाड रवा काढून आणलाय, 3 किलो. तोच वापरते, त्यांनी हौसेने आणलाय. पाणी अडीच वाट्या घालीन. सांजा आदल्या रात्रीच करून ठेवते.

तापीकाठ: जाड रवा? बघा बुवा.