मदत हवी आहे: क्लोरेलातून कार्बन-१४ ट्रिप्टोफॅन मिळत नाहीये

वेदा_लॅब: क्लोरेला हे शेवाळ कार्बन-१४ (किरणोत्सारी कार्बन) च्या कार्बन डायऑक्साइडवर वाढवलं, प्रथिनं वेगळी करून हायड्रोलिसिस केलं, म्हणजे ती अमिनो आम्लांत तोडली. टीएलसीच्या (पातळ थरावर घटक वेगळे करण्याची पद्धत) ऑटोरेडिओग्राफवर (किरणोत्सारानं फिल्मवर उमटलेले ठिपके) ॲलनिन, ल्युसिन, ग्लुटामिक आम्ल ठळक दिसतायत. ट्रिप्टोफॅन आणि ग्लुटामिन मात्र औषधालाही नाहीत. शेवाळाला उजेड कमी पडला का? माल थोडाच उरलाय, लवकर सांगा.

नीलकंठ: हायड्रोलिसिस कशानं केलंत?

वेदा_लॅब: नेहमीचंच.

नीलकंठ: नेहमीचं म्हणजे ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, ११० अंश, २४ तास?

वेदा_लॅब: हो.

रानवारा: कार्बन-१४ च्या बेरियम कार्बोनेटवर आम्ल सोडून तो कार्बन डायऑक्साइड वायू काढत असाल तर उरलेला वायू पकडायला पुढे अल्कलीचा सापळा लावा. हूडशिवाय (वायू बाहेर ओढणारं कपाट) हे करूच नका.

वेदा_लॅब: सापळा आहे, हूडही आहे. माझा प्रश्न ट्रिप्टोफॅनचा आहे.

नीलकंठ: मग उजेडाचा काही संबंध नाही. गरम आम्लात ट्रिप्टोफॅन नष्ट होतं, पिष्ट उरलं असेल तर आणखी लवकर. द्रावण काळं पडलं होतं ना? ग्लुटामिनचं ग्लुटामिक आम्ल होतं आणि ॲस्परॅजिनचं ॲस्पार्टिक. तुमचा ग्लुटामिकचा ठिपका ठळक दिसतोय, त्यात तेही आलंय.

वेदा_लॅब: काळं पडलं होतं, हो.

सुमेधा_ब: सोडियम हायड्रॉक्साइडनं करा. ट्रिप्टोफॅन टिकतं, आमच्याकडे असंच करायचो.

नीलकंठ: ताई, अल्कलीत एल-रूपाचं (प्रथिनांतल्या अमिनो आम्लांचं रूप) डी (त्याचं आरशातलं प्रतिरूप) होऊ लागतं, शिवाय सेरीन, थ्रिओनिन, आर्जिनिन जातात. वेदा, तुम्हाला ट्रिप्टोफॅन कशासाठी हवंय?

वेदा_लॅब: यीस्टच्या पेशीत ते किती वेगानं शिरतं ते मोजायचंय. एल-रूपच हवं. म्हणून तर रासायनिक संश्लेषणाच्या नादी लागले नाही, तिथे डी-एल मिश्रण हाती येतं.

सुमेधा_ब: मग अल्कली नको. हे आधी सांगायला हवं होतं.

दूरवरचा: किरणोत्सार हवाच कशाला? कार्बन-१३ घ्या आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजा.

नीलकंठ: मोजक्या पेशींत थोडा वेळ शिरलेलं मोजायला कार्बन-१४ ची संवेदनशीलता मोलाची आहे. आणि स्पेक्ट्रोमीटर सगळ्यांच्या दाराशी नसतो.

रानवारा: बर्कलेला केल्विन, बेन्सन मंडळींनी याच क्लोरेलावर प्रकाशसंश्लेषणातला कार्बनचा मार्ग शोधला. पेशी गरम अल्कोहोलमध्ये सोडून क्षणात मारायचे. केल्विनना १९६१ चं नोबेल मिळालं. आजही ते काम वाचताना थक्क व्हायला होतं.

नीलकंठ: त्यावरून आठवलं. वेदा, प्रथिनं काढण्याआधी पेशी अल्कोहोलनं धुतल्या असतील. तो अर्क ठेवलाय का?

वेदा_लॅब: फ्रीजरमध्ये आहे.

नीलकंठ: ग्लुटामिन आधी त्यात शोधा. पेशीतलं सुटं ग्लुटामिन तिथेच उतरतं, त्याला आम्ल लावायची गरजच नाही. ट्रिप्टोफॅनसाठी उरलेल्या प्रथिनांवर प्रोनेज (प्रथिनं तोडणाऱ्या विकरांचं मिश्रण) वापरा, म्हणजे एल-रूपही टिकेल.

सुमेधा_ब: माझं मत वेगळं. आम्लातून बरंचसं सेरीन वाचतं. ते वेगळं करा, साधं, कार्बन-१४ नसलेलं इंडोल (ट्रिप्टोफॅनमधला कड्याचा भाग) घाला आणि ई. कोलाय जिवाणूचं ट्रिप्टोफॅन सिंथेज हे विकर लावा. एल-ट्रिप्टोफॅनच तयार होतं आणि आधीचा माल वाया जात नाही.

नीलकंठ: पण मग कार्बन-१४ फक्त बाजूच्या साखळीत राहील, इंडोलच्या कड्यात नाही.

सुमेधा_ब: नुसतं शिरणं मोजायला तेवढं पुरतं.

वेदा_लॅब: अर्क आजच बघते. सेरीन वेगळं करायला वेळ लागेल, म्हणून आधी प्रोनेज. ते स्वतःलाही पचवतं ना? त्याची थंड (कार्बन-१४ नसलेली) अमिनो आम्लं मिसळून विशिष्ट क्रियाशीलता (ठरावीक मालामागे किरणोत्सार) घसरेल का?

नीलकंठ: घसरेल. प्रोनेज कमीत कमी घाला, आणि नुसत्या प्रोनेजची एक नळी सोबत चालवून त्यातलं ट्रिप्टोफॅन मोजा.