मदत हवी आहे: बोका चावतो, बोचकारतो; शिस्त कशी लावावी?

कोकमआगळ
बोका साडेपाच महिन्यांचा, पार्किंगमधून आणला तेव्हा जेमतेम ५ आठवड्यांचा होता. नसबंदी झालेली नाही, फ्लॅटबाहेर सोडत नाही. लहानपणी सगळेच त्याला हाताने खेळवायचे. आता रात्री ११ नंतर आणि पहाटे सोफ्याखाली दबा धरून घोट्यावर झडप घालतो, पुढच्या पायांनी मिठी मारून मागच्या पायांनी लाथा झाडतो. मांडीवर कुरवाळतानाही एकदम चावतो. पाण्याचा फवारा, नाकावर टिचकी, मानगूट धरून दटावणं, सगळं झालं. घरात सासूबाई ७२ वर्षांच्या, मधुमेह आहे. काल त्यांच्या पोटरीतून रक्त आलं.

पाणिनीचामित्र
आधी सासूबाईंचं बघा. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची. काल धुतली नसेल तर आज धुवा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. रक्त आलंय, तेव्हा आजच डॉक्टरांकडे न्या. रेबीजची लस दंडात स्नायूत देतात तेव्हा ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी, त्वचेत देतात तेव्हा ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) लागेल का, धनुर्वाताचं इंजेक्शन हवं का, तेही तिथेच विचारा. 'बोका १० दिवस ठीक राहतो का बघू, मग लस घेऊ' असं करू नका. लस सुरू करायची आणि त्याच्यावर लक्षही ठेवायचं.

मांजराचा दात सुईसारखा असतो. वरून टिंब दिसतं, आत जंतू खोल गेलेले असतात. दिवसभरात सूज, लाली, ठणका सुरू झाला तर मधुमेह्याने थांबूच नये. बोक्याला स्वतःला लस झालीय का, ते लिहिलं नाहीत.

उंबरठा
तुमच्या वर्णनातला घोट्यावरचा हल्ला म्हणजे राग नाही, शिकार आहे. चिडलेलं मांजर कान चपटे करून फिस्कारतं, गुरगुरतं. खेळणारं गुपचूप येतं, झेप घेण्याआधी ढुंगण दोन-तीनदा डोलवतं. किती जोरात चावायचं हे पिल्लू भावंडांत शिकतं: जोरात चावलं की समोरचं केकाटतं आणि खेळ मोडतो. ५ आठवड्यांच्या पिल्लाची ही शाळा अर्ध्यात सुटते. त्यात तुम्ही हातालाच खेळणं केलंत. आता घरात कुणीही बोटं नाचवायची नाहीत, पाहुण्यांनीसुद्धा.

चावला की हात ओढू नका. पळतो तो उंदीर, आणि ओढल्याने ओरखडा लांबतो. हात सैल सोडा, सोडत नसेल तर हलकेच त्याच्याच तोंडाकडे रेटा, पकड सुटते. मग काही न बोलता दुसऱ्या खोलीत जाऊन मिनिटभर दार लावून घ्या. त्याला कोंडायचं नाही, आपण निघून जायचं. पहिले काही दिवस चावणं वाढेल, कारण हमखास मिळणारा खेळ का मिळेना म्हणून तो आणखी जोर लावून बघतो. तिथे कुणी विरघळलं तर 'जोर लावला की मिळतं' एवढंच शिकेल.

खेळ रोज दोन-तीनदा, प्रत्येकी १० ते १५ मिनिटं, त्यातला एक झोपण्याआधी. काठीला दोन-तीन फूट दोरी, टोकाला पिसं किंवा चिंधी. ती तोंडासमोर नाचवू नका, कुठला उंदीर मांजराकडे चालत येतो? लांब पळवा, सोफ्याच्या पायाआड न्या, थांबवा, नुसतं टोक थरथरवा. शेवटी वेग कमी करून पकडू द्या आणि लगेच रात्रीच्या जेवणाचा राखून ठेवलेला भाग वाढा. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप असा त्यांचा क्रम असतो. खेळ झाला की दोरी कपाटात. गिळली तर आतड्यात अडकून ऑपरेशनची वेळ येते.

लाथा झाडायला जुन्या लांब मोज्यात चिंध्या गच्च भरून फूटभर लोड करून द्या.

शेवगा_शेंग
फवारा वाईट नाही. मारला की जागच्या जागी थांबतं.

उंबरठा
थांबतं, पण बाटली हातात असेपर्यंतच. मांजर फवारा मारणाऱ्याला ओळखून असतं, नियमाला नाही. टिचकीचं तर उलटंच होतं: तोंडावर येणारा हात म्हणजे एक तर खेळ नाहीतर मार, दोन्हीचं उत्तर दात.

कोकमआगळ
धन्यवाद. सासूबाईंना आत्ताच घेऊन जातोय. बोक्याला लस झालेली नाही. कुरवाळतानाच्या चाव्याचं काय? आणि नसबंदीने फरक पडेल?

पाणिनीचामित्र
त्याची लस ३ महिने पूर्ण झाल्यावरच व्हायला हवी होती. व्हेटना चाव्याची तारीख सांगा, म्हणजे कधी द्यायची ते ठरवतील. नसबंदी याच वयात करतात. तिने मारामाऱ्या, मूत्र फवारणं, बाहेर पळणं कमी होतं. घोट्यांवरचा खेळ तिच्या भरवशावर सोडू नका.

उंबरठा
कुरवाळतानाचा चावा 'एकदम' येत नाही. आधी शेपटीचं टोक टपटप आपटतं, पाठीच्या कातडीवरून लहर जाते, कान बाजूला वळतात, घुरघुर थांबते. शेपटी हलली की हात उचला. गाल, हनुवटी, कानामागे ३ सेकंद कुरवाळून थांबा. त्याने डोकं पुढे घासलं तरच पुन्हा. पोट आणि शेपटीचं मूळ टाळा. एरवी शांत मांजर ठरावीक जागी हात लागताच चावू लागलं तर तिथे दुखत असेल, तपासून घ्या. घरातली वेदनाशामक गोळी मात्र देऊ नका, पॅरासिटामॉल मांजराला विष आहे.

नखं दर दोन-तीन आठवड्यांनी, तो पेंगत असताना कापा. पंजा हलका दाबला की नख बाहेर येतं, आत गुलाबी शीर दिसते. तिच्या अलीकडचं पारदर्शक टोकच कापायचं. एका बैठकीत दोन नखं झाली तरी पुष्कळ.

सासूबाईंना घरात जाड मोजे आणि न घसरणाऱ्या चपला. जवळ कागदाचे चार बोळे ठेवू द्या. सोफ्यापाशी पोचायच्या आधीच एक बोळा पलीकडे फेकायचा, तो त्यामागे धावेल. चावल्यावर मात्र फेकायचा नाही, नाहीतर चावलं की बोळा मिळतो हे त्याला लगेच कळेल.