जिरेनियमला फुलं येईनात, खालची पानं पिवळी

खिडकीबाग: पुण्यात पूर्वेच्या खिडकीत ८ इंची कुंडीत लाल जिरेनियम आहे. गुच्छ थांबलेत, नुसते दांडे लांबताहेत, खालची पानं पिवळी पडतात. माती आणि शेणखत निम्मंनिम्म, पाणी रोज कपभर, आठवड्याला लिटरभर पाण्यात चमचाभर १९:१९:१९ खत (नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात). कटिंगवरून नवीन करू का?

मातीकाम: ताई, पाणी आणि खत दोन्ही जास्त होतंय. आपण जिरेनियम म्हणतो ते खरं तर पेलार्गोनियम, मूळ दक्षिण आफ्रिकेचं. कोरडं सोसतं, ओल नाही. बोटाची दोन पेरं मातीत खुपसा, कोरडं लागलं तरच पाणी द्या, तेही तळातून निथळेपर्यंत. ताटलीतलं ओतून टाका.
चमचाभर म्हणजे ५ ग्रॅम होतं. लिटरला १ ग्रॅम, १५ दिवसांतून एकदा, तेही ओल्या मातीत. नत्र वाढलं की पानं माजतात, फुलं रुसतात. त्यात निम्मं शेणखत! आधी कुंडीतल्या मातीतून साधं पाणी भरपूर वाहू देऊन साठलेलं खत धुऊन काढा आणि महिनाभर खत बंद. पुढे कळ्या दिसल्या की १३:०:४५ (पालाश जास्त असलेलं खत), लिटरला १ ग्रॅम.

गच्चीवरची: दांडे लांबतात ते उजेड कमी म्हणून. रोज ४ ते ६ तास थेट ऊन हवं. कुंडी काचेला लागून ठेवा, आठवड्याला पाव वळसा फिरवा. लांब दांडे डोळ्याच्या (पान फुटतं त्या गाठीच्या) वर छाटा, सुकलेला गुच्छ देठासकट मोडा. कुंडी मोठी करू नका, मुळं थोडी दाटलेली असली की फुलं चांगली येतात.
एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) घालू का, हा प्रश्न येणारच. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तरच, लिटरला १ ग्रॅम. सगळं पान सरसकट पिवळं म्हणजे बहुधा ओल.

खिडकीबाग: पान सरसकट पिवळं आहे. खालून खरखरीत फोडही दिसतात. तांबेरा (बुरशीचा रोग) का?

मातीकाम: तांबेऱ्याची तपकिरी पूड बोटाला लागते, वर्तुळं दिसतात. पूड नसेल तर मुळं ओढतात तेवढं पाणी पानातून उडत नाही, म्हणून पेशी फुटून आलेले फोड. ते पान सुधारणार नाही, पाणी आवरलं की नवी पानं स्वच्छ येतील.
कटिंग थंडीत घ्या: ८ ते १० सेंमी, डोळ्याच्या खाली काप, कळ्या काढून टाका. काप दोन-तीन तास सावलीत सुकू द्या, मग जाड वाळू आणि कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) खोचा. वर पिशवी घालू नका, कुजते. मुळांना ३-४ आठवडे लागतात. बुंध्याशी खोड काळं पडलेलं असेल तर त्या झाडाची कटिंग मुळीच नको.