भयकथासंग्रह वाचला, पण भय कुठंय?

रात्रपाळी:
एका नव्या भयकथासंग्रहाची बरीच वाहवा कानावर आली, म्हणून मागवला. नाव सांगत नाही, लेखकाचं पहिलंच पुस्तक दिसतंय. पण निराशा झाली ती झालीच.

एका कथेची सुरुवात मात्र झकास जमलीय. नवी सून घरात येते. रोज रात्री सासूबाई एक ताट जास्तीचं वाढून मागच्या पडवीत ठेवतात. का, ते कोणी विचारत नाही. सकाळी ताट चाटूनपुसून साफ, फक्त डाव्या बाजूचं मीठ जागच्या जागी. इथं मी खरोखर टरकलो. आणि मग शेवटची दोन पानं! माळ्यावर ट्रंक, ट्रंकेत कात्रण, कात्रणात धाकट्या दिराचा अपघात, त्याची अतृप्त इच्छा, सगळं तारीखवार. अहो, मिठावर थांबला असता तर झोप उडाली असती आमची. बाकी कथांत 'तो तर दहा वर्षांपूर्वीच वारला' हा शेवट इतक्यांदा येतो, की कुणी नुसता चहा विचारला तरी वाटतं, हा गेलेलाच असणार.

पानउलट्या:
मला तर ते कात्रणच आवडलं बुवा. नुसतं मीठ दाखवून कथा संपवली असती तर 'लेखकाला शेवट सुचला नाही' म्हणून तुम्हीच ओरडला असता. भयकथाकार नारायण धारपांच्या समर्थकथा घ्या. तिथेही काय घडलं, का घडलं, हे शेवटी उलगडून सांगतातच की. तेव्हा चाललं, आता खुपतं?

रात्रपाळी:
समर्थकथेत समर्थ आहेत, वाईटाचा बंदोबस्त होणार हे आधीच ठाऊक असतं. मजा त्या झुंजीची. इथं झुंज नाहीच, नुसता पंचनामा.

बांधावरचा:
माझी तक्रार वेगळीच. त्यातली देवचाराची गोष्ट वाचली का? आमच्या तळकोकणात देवचार हा राखणदार. रात्री वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडतो असं म्हणतात, त्याचा मान दिला जातो. या पुस्तकात तो लाल डोळे वटारून बायकांच्या मागे धावतो! देवचार, मुंजा, खवीस सगळे एकाच साच्यातले. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण सोडमुंजीआधी गेलेला पोर. त्या अर्धवट वयातच केवढी कथा आहे, आणि यांनी त्याला नुसतं पिंपळावर लटकवलंय.

पानउलट्या:
भयकथा म्हणजे लोकसाहित्याचा प्रबंध नव्हे. धारपांची 'लुचाई' कादंबरी स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वर बेतलेली. ते रक्तपिपासू कुठे आपले होते? पण वाचताना अडलं का कुणाचं?

बांधावरचा:
नाही अडलं, कारण धारपांनी उसना राक्षस आणला तरी भोवतालचं गाव खोटं लिहिलं नाही. इथं भूत आमचं, गाव मात्र कुठल्यातरी सिनेमातलं. कोकणातल्या मे महिन्यात धुकं? खरंच?

दिवाळीअंकवाली:
दोघांचंही ऐकलं, पण मूळ घोळ संग्रहाचा आहे असं मला वाटतं. गूढकथा पूर्वी दिवाळी अंकात एखाददुसरीच असायची, पुढेमागे प्रवासवर्णन, कविता, व्यंगचित्रं. धक्का बसला की बसला. आता तशाच पंधरावीस कथा एका पुस्तकात कोंबल्या की तिसऱ्या कथेपासून वाचक धक्क्याचीच वाट बघतो. त्यात यातल्या बऱ्याच कथा आधी ऑडिओ अ‍ॅपसाठी लिहिल्यात असं प्रस्तावनेतच आहे. तिथं शेवटी दणका दिला नाही तर ऐकणारा पुढच्या भागाला येत नाही. पुस्तक करताना निम्म्या गाळायला हव्या होत्या. रोज एकच वाचा, मग बोला.

रात्रपाळी:
साडेतीनशे रुपये मोजून पथ्यपाणीही मीच सांभाळायचं? निवड करणं संपादकाचं काम. आणि ताटाची कथा मी तेवढी एकच, वेगळ्या रात्री वाचली होती. कात्रण तेव्हाही खुपलंच.

पानउलट्या:
खुपू दे. माझ्या पुतणीनं तीच वाचून आठवडाभर पडवीतला दिवा बंद करू दिला नाही. वय वर्षं चौदा. लेखकानं पुस्तक तिच्यासाठी लिहिलंय, तुमच्या-माझ्यासाठी नव्हे.