पावणेतीनचं रडणं

[सकाळी ६.०८]

३०१ काका: सुप्रभात. कोणावर रोख नाही, हे आधीच सांगतो. पण सलग चौथ्या रात्री पावणेतीनला जाग आली, ती सव्वाचारपर्यंत. माझं बीपी सगळ्यांना माहीत आहे. लहान मूल रडणारच, मान्य. पण डॉक्टरांकडे झोपेचं काहीतरी मिळत असेलच ना?

५०३ दादा: कोणासाठी काका? बाळासाठी की तुमच्यासाठी?

३०१ काका: मी थट्टेच्या मूडमध्ये नाही.

६०१ साहेब: रात्री पाण्याची मोटर चालते, तिचा आवाज कोणी ऐकलाय का? मी मार्चपासून लिहितोय.

सेक्रेटरी: साहेब, मोटरचा विषय मीटिंगमध्ये घेऊ.

६०१ साहेब: कोणत्या?

४०१ ताई: काका, सॉरी. खरंच सॉरी. खालचे दोन दात येतायत. साडेसात महिन्यांची आहे. हिरडी टम्म फुगलीय, बोट लावू देत नाही. आम्हीही चार रात्री झोपलेलो नाही.

४०१ ताई: आणि कोणावर रोख नाही, पण मला सातवा महिना होता तेव्हा तुमच्या बाथरूमची फोडाफोडी तीन महिने चालली होती. दुपारी दोन ते चारसुद्धा. मी ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नव्हतं.

३०१ काका: ते काम लेखी परवानगीने झालं होतं.

सेक्रेटरी: परवानगी १० ते १ ची होती.

५०३ दादा: मी खुर्ची ओढून घेतलीय. चालू द्या.

१०२ आजी: अगं दात येताना ताप येतो जुलाब होतात सगळं होतं आणि आपोआप जातं घाबरू नकोस पूर्णविराम

५०३ दादा: आजी, बोलून टाइप करताना पूर्णविराम मोठ्याने म्हणायचा नसतो 😄

५०२ वहिनी: अगं ते तापाचं सिरप दे ना झोपवताना. मी आमच्या ह्याला महिनाभर रोज रात्री पाच एमएल द्यायचे, ताप नसला तरी. सकाळपर्यंत हूं नाही की चूं नाही. आता बारावीत आहे, काही झालं नाही त्याला.

५०३ दादा: बारावीतही सकाळपर्यंत हूं की चूं नाही. साडेसहाच्या क्लासलासुद्धा नाही.

५०२ वहिनी: तुझं लग्न होऊ दे, मग बोलू.

२०४ ताई: वहिनी, एक मिनिट. हे वाचून कोणी तसंच करू नका म्हणून लिहिते. तापाच्या सिरपमधलं पॅरासिटामॉल दुखण्याचं औषध आहे, झोपेचं नाही. त्याने गुंगी येत नाही. ठणका थांबतो, म्हणून मूल झोपतं. मूल दुसऱ्या कशाने उठत असेल तर ते पाजून काही उपयोग होणार नाही, यकृताला मात्र रोज काम लागेल. आणि पाच एमएल म्हणजे कशाचे पाच एमएल?

५०२ वहिनी: सिरपचे. लाल होतं.

२०४ ताई: रंगावरून नाही हो कळत. लहान मुलांच्या ड्रॉप्समध्ये १ एमएलमध्ये १०० एमजी औषध असतं. एका सिरपमध्ये ५ एमएलमध्ये १२० असतं, दुसऱ्यात ५ एमएलमध्ये २५०. ४०१ च्या बाळाचं वजन ८ किलो धरू. किलोमागे १० ते १५ एमजी, म्हणजे एका वेळेला ८० ते १२०. तेवढ्यासाठी १२० च्या सिरपचे पाच एमएल चालतील. ड्रॉप्सचे पाच एमएल दिले तर ५०० झाले. बाटली दिसायला तीच, चमचा तोच, मात्रा चौपट. डोस बाळाच्या वजनावर ठरतो.

३०१ काका: एवढी भानगड आहे तर डॉक्टरांनी लिहून द्यावं. मी तेच म्हणत होतो. झोपेचं काहीतरी.

२०४ ताई: काका, झोपेचं नाही. दुखण्याचं.

३०१ काका: एकूण एकच.

२०४ ताई: नाही हो.

५०३ दादा: काका, झोपेचं सिरप अमेरिकेत १८४९ पासून विकत होते. दात येणाऱ्या बाळांसाठी, मिसेस विन्स्लो नावाने. बाळं अगदी शांत झोपायची. आत मॉर्फिन आणि दारू होती. काही उठलीच नाहीत. १९११ मध्ये तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने त्याचं नाव बाळं मारणाऱ्या औषधांत छापलं.

३०१ काका: मी मॉर्फिन म्हटलं नव्हतं.

१०२ आजी: अरे सकाळी सकाळी काय हे स्वल्पविराम

[सकाळी ७.२१]

४०१ बाबा: नमस्कार. बाळाला काल रात्री दहाला मी ड्रॉप्स १ एमएल दिले होते. डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणेच. त्यामुळे आम्ही काही करत नाही असं नाही.

४०१ ताई: दहाला?

४०१ बाबा: हो. तू झोपली होतीस.

४०१ ताई: मी सव्वाला परत दिलं.

४०१ बाबा: मला उठवायचंस ना.

४०१ ताई: तू??? सांगायचंस ना!

५०३ दादा: हे समोरासमोर बोला रे, एकाच घरात आहात.

४०१ ताई: २०४ ताई, काही होणार नाही ना? मला आता धडधडतंय.

२०४ ताई: शांत हो. दोन्ही मिळून २०० एमजी झाले. आठ किलोच्या बाळाला २४ तासांत ४८० च्या वर जाऊ द्यायचं नाही. म्हणजे मात्रा बसली, चुकलं ते अंतर. सव्वातीन तासच झाले. दोन डोसांत कमीत कमी चार तास हवेत, सहा असले तर उत्तम. दिवसरात्र मिळून चारच्या वर नाही. फ्रीजवर एक कागद लावा. जो देईल त्याने वेळ आणि एमएल लिहायचं. अर्ध्या झोपेत दोघांनी दोनदा देणं ही नेहमीची गोष्ट आहे, माझ्याही घरी झालंय. दुसरं कुठलं औषध दिलंय का? नीट आठव.

४०१ ताई: नाही. वहिनींनी सर्दीचं सिरप दिलं होतं, पण ते टेबलावरच आहे.

२०४ ताई: लेबलचा फोटो टाक.

४०१ ताई: [फोटो]

२०४ ताई: बघ, यातही पॅरासिटामॉल आहे. सोबत गुंगी आणणारं सर्दीचं औषध. हे ड्रॉप्सच्या जोडीला गेलं असतं तर डबल डोस झाला असता आणि कोणाच्या लक्षातही आलं नसतं. सर्दीच्या औषधाने मूल गपगार पडतं ते याच गुंगीमुळे. दोन वर्षांखालच्या मुलांत अशा औषधांनी श्वास मंद होऊ शकतो. ती बाटली बाळाच्या औषधांत ठेवूच नकोस.

५०२ वहिनी: मी चांगल्या मनाने दिली होती. आता कोणाला काही देणार नाही. मागे शिडी दिली, तीही मोडून परत आली.

६०१ साहेब: शिडी आधीपासून मोडकी होती.

५०२ वहिनी: मी तुमचं नाव घेतलं का?

सेक्रेटरी: कृपया विषयाला धरून बोला 🙏

६०१ साहेब: विषय रात्रीच्या आवाजाचा आहे. मोटर.

१०२ आजी: दात येताना ताप येतो जुलाब होतात सगळं होतं आणि आपोआप जातं पूर्णविराम

२०४ ताई: आजी, मनाला लावून घेऊ नका, पण यानेच फसगत होते. दात येताना लाळ गळते, चिडचिड होते, अंग जरा कोमट लागतं. १००.४ किंवा त्याहून जास्त ताप दाताच्या खात्यावर मांडायचा नाही. जुलाबही दाताने होत नाहीत. या वयात मूल दिसेल ते तोंडात घालतं, आणि पोटात असताना आईकडून मिळालेली प्रतिकारशक्तीही सरत आलेली असते. त्यामुळे आजारपणं आणि दात यांची गाठ एकाच महिन्यात पडते. दात दिसतो, म्हणून त्याच्यावर आळ येतो. ४०१, थर्मामीटर लावलंस?

४०१ ताई: ९९.१. पातळ शी नाही. दूध नेहमीपेक्षा कमी, पण पितेय.

२०४ ताई: कान ओढते?

४०१ ताई: डावा. कधीकधी.

२०४ ताई: हिरडीचा ठणका कानाकडे जातो, म्हणूनही ओढतात. पण कानात संसर्ग असला तरी ओढतात, आणि तो आडवं झोपवल्यावर जास्त दुखतो. म्हणजे रात्रीच. आज डॉक्टरांना कान बघायला सांग.

३०२ नवीन: नमस्कार, आम्ही गेल्या महिन्यात आलो. हिरडीला लावायचं बधिर करणारं जेल मिळतं, माझ्या बहिणीने वापरलं होतं. आणि दात येताना बाळाच्या गळ्यात घालतात ती अंबरच्या मण्यांची माळ.

२०४ ताई: दोन्ही नको. जेल लाळेबरोबर मिनिटभरात पोटात जातं. त्यात बेन्झोकेन असेल तर रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद घटू शकते, बाळ निळं पडतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्ये इशारा दिला आणि २०१८ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांसाठी ती विकणं थांबवायला सांगितलं. लिडोकेनवालंही नको. माळ झोपेत गळ्याला आवळते, नाहीतर तुटून मणी घशात.

३०२ नवीन: ओके ताई 🙏 मी फक्त सुचवलं.

५०३ दादा: ३०२, स्वागत. आमच्याकडे सगळे फक्त सुचवतातच.

४०१ बाबा: आयबुप्रोफेन जास्त तास टिकतं म्हणे. एक हे, एक ते, असं आलटून पालटून दिलं तर?

२०४ ताई: टिकतं, सहा ते आठ तास. पण ते सहा महिन्यांच्या पुढे आणि डॉक्टरांना विचारूनच. उलट्या-जुलाब होत असतील, पाणी कमी पडत असेल तर नकोच, मूत्रपिंडाला त्रास होतो. आणि आलटून पालटून तर मुळीच नको. कालच एका औषधाचा हिशोब चुकलाय, दोघांचा कोण ठेवणार? ॲस्पिरिनचं तर नावही काढू नका. आणि वहिनींसारखं महिनाभर रोज कुणीच देऊ नका. एकेका दाताचा खरा त्रास आठवडाभराचा. एकूण वीस दात, अडीच-तीन वर्षांपर्यंत येत राहणार. दरवेळी आठ दिवस धरले तर १६० रात्री होतात. जोडीने येतात म्हणून निम्म्या करा.

५०२ वहिनी: मी वाचतेय हं.

२०४ ताई: वहिनी, तुम्हाला नाही म्हणत.

५०२ वहिनी: नाव माझंच आहे वर.

३०१ काका: म्हणजे १६० रात्री??

५०३ दादा: निम्म्या करा काका. ८०.

३०१ काका: मी सविस्तर पत्र देणार आहे.

[सकाळी ८.०५]

३०१ काकू: मी यांच्या फोनवरून लिहितेय, हे अंघोळीला गेलेत. यांना पावणेतीनला जाग येते ती स्वतःच्या घोरण्याने, बाळ नंतर रडतं. चार रात्री मी बघतेय. ४०१, दुपारी दोन ते चार तिला माझ्याकडे दे आणि तू झोप. ती रबरी रिंग आण, मी फ्रीजमध्ये ठेवते.

२०४ ताई: काकू, फ्रीझरमध्ये नको हं, नुसती गार हवी. बर्फासारखी कडक झाली की हिरडीला इजा होते. आतून पाणी भरलेली असेल तर ती घेऊच नका, चावून फुटते. किंवा स्वच्छ ओलं फडकं गार करून चघळायला द्या, कोणीतरी समोर बसून. आणि हात धुऊन बोटाने हिरडी चोळली तरी उतार पडतो.

४०१ ताई: काकू 🙏 रडू आलं हो.

३०१ काका: मागचा मेसेज माझ्या संमतीशिवाय गेलेला आहे.

३०१ काका: हा मेसेज डिलीट केला आहे.

५०३ दादा: आम्ही वाचला.

[दुपारी १२.४०]

४०१ ताई: दाखवून आलो. कान स्वच्छ आहेत. वजन ७.९. डॉक्टर म्हणाले, झोपण्याआधी हिरडीच्या दुखण्याने कळवळत असेल तरच १ एमएल, तेही दोन-तीन रात्रींच्या वर नाही. नुसती उठून हाका मारत असेल तर औषध नाही. या वयात आपण दिसलो नाही की घाबरतात, म्हणून उठतात. त्याला औषध नसतं.

२०४ ताई: आणि चमच्याने नको. बाटलीबरोबर ड्रॉपर येतो, त्याच्या खुणेने. दुधात मिसळू नकोस, दूध अर्धं राहिलं तर किती पोटात गेलं कळत नाही.

४०१ बाबा: फ्रीजवर कागद लावला. पेन दोऱ्याने बांधलंय.

१०२ आजी: दात येताना ताप येतो जुलाब होतात

५०३ दादा: आजी!

१०२ आजी: अरे जुना मेसेज परत गेला बोट लागलं पूर्णविराम

[तिसऱ्या रात्री २.५२]

३०१ काका: ४०१, जागे आहात का? आज काही आवाज नाही. सगळं ठीक आहे ना?

४०१ ताई: झोपलीय काका. संध्याकाळी एक दात वर आला, बोटाला लागतोय. आज औषध दिलंच नाही. तुम्ही का जागे?

३०१ काका: खालून घूं घूं आवाज येतोय. बराच वेळ.

६०१ साहेब: मोटर.

६०१ साहेब: मार्चपासून.

सेक्रेटरी: रात्री ११ नंतर ग्रुपवर मेसेज टाकू नयेत 🙏