रेफर चिठ्ठीत ‘आरसीए बंद’ लिहायचं का?

तालुका_फिजिशियन (धागाकर्ता)
कॅथ लॅब (अँजिओग्राफी करून हृदयाची बंद नळी उघडतात ती जागा) आमच्यापासून अडीच तासांवर. त्यामुळे अटॅकचा पेशंट आला की आधी इथेच थ्रोम्बोलाइज करतो, म्हणजे गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देतो, मग पुढे पाठवतो. पण आजूबाजूच्या चिठ्ठ्या बघा: ‘आयडब्ल्यूएमआय, रेफर्ड’. म्हणजे हृदयाच्या खालच्या भिंतीचा (इन्फिरिअर) अटॅक, पुढे पाठवला. संपलं. ईसीजीच्या लीड २, ३, एव्हीएफमध्ये (खालची भिंत दाखवणाऱ्या) एसटी, म्हणजे ठोक्यानंतरचा रेषेचा तुकडा, वर गेला, एवढ्यावर वाचन थांबतं. खरं तर त्याच कागदावर पुढचंही असतं. लीड ३ मधला एसटी लीड २ पेक्षा जास्त वर आणि एव्हीएल खाली, तर बहुधा हृदयाला रक्त पुरवणारी उजवी नळी, आरसीए. लीड २ बरोबरीचा किंवा जास्त आणि एव्हीएल खाली गेलेला नाही, तर सर्कमफ्लेक्सचा, म्हणजे डाव्या नळीच्या मागे वळणाऱ्या फांदीचा, संशय. माझं म्हणणं असं की नळीचा अंदाज चिठ्ठीत आलाच पाहिजे.

कॅथलॅबकर
असहमत. आरसीए साधारण ८० टक्के आयडब्ल्यूएमआयमध्ये दोषी असते. म्हणजे ईसीजीकडे न बघता ‘आरसीए’ लिहिणाराही पाचातले चार मार्क घेऊन जाईल! आणि आम्ही तुमच्या चिठ्ठीवर विसंबून एकच बाजू बघतो असं थोडंच आहे? अँजिओत दोन्ही बाजू बघतोच. त्या अंदाजापायी इंजेक्शनला पाच मिनिटं उशीर झाला, तर तेवढा स्नायू गेला.

तालुका_फिजिशियन
सर, उशीर कुठे? इंजेक्शन भरायला घेतलंय तोवर व्ही४चा इलेक्ट्रोड छातीच्या उजव्या बाजूला त्याच जागी लावायचा. त्या लीडमध्ये, म्हणजे व्ही४आरमध्ये, एसटी वर दिसला तर आरसीए वरच्या भागात बंद, उजवं व्हेंट्रिकल (हृदयाचा खालचा उजवा कप्पा) अटॅकच्या तडाख्यात सापडलंय. अशा पेशंटचा बीपी भरीव सलाइनवर टिकतो, आणि नायट्रेट (नळ्या सैल करणारं औषध) किंवा लॅसिक्सनं (लघवी वाढवणारं औषध) कोसळू शकतो. आपल्याकडे तर निम्मे पेशंट जिभेखाली सॉर्बिट्रेट (नायट्रेटचीच गोळी) ठेवूनच येतात, शेजाऱ्यानं दिलेली. आणि ही उजवी खूण काही तासांत पुसली जाते. ती तुमच्या टेबलावर दिसेलच असं नाही, आमच्याकडेच दिसणार.

कॅथलॅबकर
व्ही४आर काढा, शंभर वेळा काढा, त्याला माझी हरकत नाही. पण ‘इन्फिरिअरला नायट्रेट दिलं की बीपी पडतोच’ हे जितकं ठासून शिकवलं गेलं, तितका आधार अलीकडच्या अभ्यासांत दिसत नाही. नायट्रेटनं इन्फिरिअरवाल्यांचा बीपी इतर अटॅकवाल्यांपेक्षा ठळकपणे जास्त पडला, असं त्यांत आढळलं नाही. बीपी बघून औषध द्या, नळीच्या नावावरून नको.

दुसरं, नळ्यांची ठेवण सगळ्यांची सारखी नसते. दहातल्या एखाद्याची मागची बाजू डावीकडून पोसलेली असते. एलएडी (डाव्या नळीची पुढची फांदी) लांब असून टोकाला वळसा घालत असेल, तर ती बंद झाल्यावर पुढच्या लीडबरोबर खालच्याही वर जातात. जुनी बंद नळी दुसरीच्या फांद्यांवर जगत असेल तर अंदाजाचे तीनतेरा. जुना अटॅक किंवा एलबीबीबी (हृदयाच्या डाव्या बाजूच्या विद्युतवहनात अडथळा) असेल तर बोलायलाच नको.

कॅज्युअल्टी_रात्रपाळी
दोघांनाही नमस्कार. आमच्याकडे व्ही१-व्ही२ बरगड्यांमधल्या चौथ्या फटीऐवजी दुसऱ्या फटीत लावलेले सापडतात. बायकांच्या बाबतीत तर संकोचापायी इलेक्ट्रोड कुठेही. आधी बारा लीड जागेवर लागू देत, मग आरसीए की सर्कमफ्लेक्स ते भांडू.

बांबोळी_रिटर्न
गोव्यात स्टेमी (एसटी वर गेलेला अटॅक) प्रकल्पात परिघावरच्या केंद्रांचे ईसीजी दूर बसलेला तज्ज्ञ वाचतो, हब म्हणजे बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. हीच पद्धत सगळीकडे आली तर तालुक्यातल्या डॉक्टरनं नळीचा अभ्यास करत बसायची गरज काय?

तालुका_फिजिशियन
वाचणारा दूर असला तरी जादा लीड लावणारा पेशंटजवळच लागतो ना! मुख्य मुद्दा तर अजून आलाच नाही. व्ही१ ते व्ही३ मध्ये एसटी खाली गेलेला पेशंट. चिठ्ठीवर ‘एनस्टेमी’ (एसटी वर न गेलेला अटॅक), हेपरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) सुरू, सकाळी बघू. पाठीवर व्ही७-८-९ लावले आणि अर्धा मिलिमीटर जरी वर आला, तरी तो मागच्या भिंतीचा अटॅक, बहुतेकदा सर्कमफ्लेक्स पूर्ण बंद. एनस्टेमी म्हणून ठेवलेल्यांपैकी सुमारे पाव लोकांची नळी अँजिओत पूर्ण बंद निघते. डी विंटर यांनी २००८ मध्ये दाखवलेला पॅटर्न घ्या: एसटी खालून तिरपा चढतो, पुढे टीची उंच लाट, आणि बंद असते एलएडी. हे पेशंट ‘एसटी वर नाही’ म्हणून वॉर्डात पडून राहतात.

कॅथलॅबकर
इथे तुम्ही दोन गोष्टींची गल्लत करताय. ‘नळी बंद आहे का’ हे ओळखणं जीव वाचवतं, मान्य. ‘कोणती’ हे ओळखणं ही परीक्षेच्या व्हायव्हातली हौस.

तालुका_फिजिशियन
गल्लत नाही सर. व्ही२ खाली गेलेला बघून ‘मागची भिंत असेल का, सर्कमफ्लेक्स असेल का’ हा प्रश्न ज्याच्या डोक्यात येतो, तोच पाठीवर इलेक्ट्रोड लावतो. ज्याला नळ्यांचा नकाशाच माहीत नाही, त्याला ‘बंद आहे का’ हेही दिसत नाही.

आणि तुमच्याच टेबलावरचं सांगा. स्टेमीच्या जवळपास निम्म्या पेशंटांत एकाहून जास्त नळ्या खराब असतात. पेशंट शॉकमध्ये (बीपी कोसळलेला) असेल तर आधी फक्त दोषी नळीच उघडावी, हे २०१७ च्या कल्प्रिट-शॉक अभ्यासानंतर तुम्हीच आम्हाला लेक्चरमध्ये सांगता. तीन ठिकाणी ९० टक्के दिसतंय, कुठेही ताजा क्लॉट नाही. मग दोषी कोणती ते कशावरून ठरवता?

कॅथलॅबकर
ईसीजीवरून. 🙂 पण मूळ ईसीजीवरून, तुमच्या अंदाजावरून नाही. इंजेक्शननंतर एसटी खाली आलेला असतो, म्हणून पहिला कागद हवाच. तो निम्म्या वेळा नातेवाइकांच्या पिशवीत राहतो, नाहीतर व्हॉट्सॲपवर तिरका, अर्धा कापलेला फोटो येतो.

वाचनमात्र_काका
डॉक्टर मंडळी, आमच्यासारख्यांनी खिशात सॉर्बिट्रेट ठेवायची की नाही?

तालुका_फिजिशियन
काका, तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर ते सांगतील तशी घ्या. दुसऱ्याची गोळी घेऊ नका, दुसऱ्याला देऊही नका. चक्कर किंवा घाम येऊन बीपी पडल्यासारखं वाटत असेल, किंवा गेल्या एक-दोन दिवसांत व्हायग्रासारखी गोळी घेतली असेल, तर मुळीच नको. १०८ ला फोन करा. घेतली असेल तर किती वाजता, ते आम्हाला सांगा.

कॅज्युअल्टी_रात्रपाळी
आमच्या पाळीत यापुढे आयडब्ल्यूएमआयला व्ही४आर, आणि व्ही१-व्ही३ खाली असेल तर पाठीचे तीन, एवढं सुरू करतो. नळीचं नाव लिहायचं की नाही ते दिवसपाळीवाले ठरवतील.

कॅथलॅबकर
चालेल. पण जागा एकच ओळीची असेल तर नळीच्या आधी हे लिहा: दुखणं किती वाजता सुरू झालं, इंजेक्शन किती वाजता दिलं, आणि दिल्यावर तास-दीड तासानं काढलेल्या ईसीजीत एसटी निम्म्यानं उतरला की नाही. नसेल उतरला तर पेशंट वाटेत असतानाच मला टेबल तयार ठेवायचं असतं.

तालुका_फिजिशियन
दुसरी ओळ वाढवतो सर.